छाप, मुद्रांक आणि नोंदवही : नाशिक रोड परिसरातील व्यापारचिन्हांचा इतिहास

माल आणि माल बनवणारा यांची ताटातूट झाली की छापाची गरज निर्माण होते. नाशिक परिसरात ही ताटातूट प्रामुख्याने रेल्वेने घडवली. 1865 साली थळ घाटातला लोहमार्ग पूर्ण झाला आणि हा प्रदेश मुंबईशी थेट जोडला गेला. आठवडी बाजारात गिऱ्हाईक विक्रेत्याला चेहऱ्याने ओळखत असे आणि माल खराब निघाला तर पुढच्या बाजाराला त्याला जाब विचारत असे. नाशिक रोडच्या मालधक्क्यावरून गेलेल्या पेटीबरोबर विक्रेता जात नव्हता. त्याच्या वतीने बोलायला पुड्यावरचे चित्र, नाव आणि रंग एवढेच उरत. ही ओळख आपलीच आहे हे सिद्ध करण्यासाठी छोट्या व्यापाऱ्याला काय काय करावे लागले, हाच या भागातल्या व्यापारचिन्हांचा इतिहास आहे.

त्याचे सर्वांत ठळक उदाहरण बिडीचे आहे. नाशिक रोडहून पुणे रस्त्याने जाताना लागणाऱ्या सिन्नरला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा धंदा फोफावला. भिकुसा यमासा क्षत्रिय हे त्यातले सर्वांत परिचित नाव. नाशिकच्या बी. वाय. के. वाणिज्य महाविद्यालयालाही तेच नाव आहे. बिडीला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. टेंभुर्णीची पाने पूर्वेकडच्या जंगलांतून येतात, तंबाखू निपाणी किंवा गुजरातकडून येते आणि वळण्याचे काम घराघरांत होते. कामगार, बहुतेक वेळा बाई, पाने भिजवून कात्रीने मापात कापते, जर्दा भरते, वळते, दोरा बांधते आणि तोंड मुडपते. हे काम शेकडो घरांत चालते आणि पुढे सगळ्या बिड्या एकाच कारखान्यात गोळा होतात. तिथे कट्टे बांधले जातात, भट्टीत शेकले जातात आणि मग त्यांवर लेबल चिकटते. पान वेगवेगळ्या जंगलांतले, हात वेगवेगळ्या घरांतले. या सगळ्याला एक वस्तू बनवणारी गोष्ट म्हणजे तो कागदाचा तुकडा. बिडीच्या धंद्यात कारखानदाराची खरी मालमत्ता इमारतीपेक्षा लेबलात असे.

बिडी ओढणाऱ्यांत लिहिता-वाचता न येणारे पुष्कळ होते, म्हणून लेबलावर अक्षरापेक्षा चित्राला मान होता. देव, प्राणी, पक्षी, फूल, एखादा आकडा किंवा मालकाचा फोटो लेबलावर असे. गिऱ्हाईक दुकानात नाव सांगत नसे, छाप सांगत असे. त्यामुळे नक्कल करणेही सोपे होते. तोच रंग, तशीच चौकट आणि मोराच्या जागी लांडोर छापली की काम भागे. शिळाछापाचा एक दगड आणि थोडी शाई एवढ्या भांडवलावर दुसऱ्याची वर्षानुवर्षांची पत चोरता येत होती.

अशा चोरीविरुद्ध इंग्रजी राजवटीत कायदा अगदीच नव्हता असे नाही. 1860 च्या भारतीय दंडसंहितेत कलम 478 ते 489 ही व्यापारचिन्ह आणि मालमत्ताचिन्ह यांच्याविषयी होती. 1889 साली इंडियन मर्चंडाइज मार्क्स अ‍ॅक्ट आला. त्यात खोट्या वर्णनाने माल विकणे गुन्हा ठरले आणि कापडाच्या ठाणावर लांबी छापणे बंधनकारक झाले. ही तरतूद कोणाच्या तक्रारींतून आली असेल हे सहज दिसते: कापडाचा घाऊक व्यापार आणि त्यामागच्या गिरण्या. दिवाणी न्यायालयात दाद मागण्याचाही मार्ग होता. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवू नये, या तत्त्वावर मनाईहुकूम मिळू शकत होता. पण त्यासाठी आपला छाप किती वर्षे, कोणत्या गावांत आणि किती खपाने चालतो हे प्रत्येक खटल्यात मुळापासून सिद्ध करावे लागे. एका नक्कल करणाऱ्याविरुद्ध जिंकलेला दावा दुसऱ्याविरुद्ध फारसा कामाला येत नसे. मुंबईचा गिरणीमालक हा खर्च पेलू शकत होता. सिन्नरच्या कारखानदाराला तो जड जाई आणि गल्लीतल्या छोट्या विक्रेत्याच्या तर आवाक्याबाहेरच होता.

त्यातून एक अर्धवट तोड निघाली. 1908 च्या नोंदणी कायद्याखाली दस्तऐवज नोंदवता येत, म्हणून व्यापारी आपल्या छापाविषयीचे जाहीर निवेदन लेबलासह दुय्यम निबंधकाकडे नोंदवत. मग वर्तमानपत्रात जाहीर सूचना देत की अमुक छाप आमचा आहे, नक्कल करणाऱ्यावर कारवाई होईल. या कागदाचे कायदेशीर मोल बेताचेच होते. अमुक तारखेला अमुक माणसाने असा दावा केला, एवढेच त्यातून दिसे. तो दावा कोणी तपासलेला नसे आणि हरकत घेण्याची संधीही कोणाला मिळालेली नसे. तरीही ही रीत रुजली, कारण छोट्या व्यापाऱ्याला तारीख असलेला एक सरकारी शिक्का हवा होता. पुराव्याची ही भूक पुढच्या सगळ्या कायद्यांच्या मुळाशी आहे.

याच काळात नाशिक रोड सरकारी शिक्क्याचे गाव बनत होते. त्याआधी हिंदुस्थानची टपाल तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत. ती इथेच छापण्याचा निर्णय झाला. 1925 साली नाशिक रोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभा राहिला आणि 1926 पासून तिथे तिकिटे छापली जाऊ लागली. 1928 साली शेजारीच नोटांचा छापखाना सुरू झाला. नवी दिल्लीच्या उद्घाटनाची 1931 ची सचित्र तिकिटे इथलीच. पोस्टाच्या तिकिटांबरोबर महसुली तिकिटे आणि मुद्रांकाचा कागदही या छापखान्यातून देशभर जाऊ लागला. जलचिन्ह, बारीक कोरीव रेघा, क्रमांक आणि कागदाच्या प्रत्येक तावाचा हिशोब यांच्या जोरावर सरकार आपल्या चिन्हाची नक्कल रोखत होते. व्यापारी मात्र आपल्या लेबलाला असे संरक्षण देऊ शकत नव्हता. लेबल स्वस्त असावे लागते, नाहीतर बिडी महाग होते. म्हणून त्याचे संरक्षण कागदाच्या बनावटीत राहू शकत नव्हते. ते कुठल्यातरी नोंदवहीत असणे भाग होते. त्या नोंदवहीकडे जाणारी प्रतिज्ञापत्रे आणि अधिकारपत्रे पुढची कित्येक दशके नाशिक रोडलाच छापलेल्या मुद्रांकावर लिहिली गेली.

अशी नोंदवही 1940 च्या व्यापारचिन्ह कायद्याने आली. प्रत्यक्ष नोंदणी 1942 मध्ये सुरू झाली. पहिल्यांदाच छापाची तपासणी होऊ लागली, सरकारी पत्रिकेत तो प्रसिद्ध होऊ लागला, हरकतीसाठी मुदत मिळाली आणि त्यानंतर प्रमाणपत्र येऊ लागले. नोंद झालेल्या छापाच्या मालकाला आता प्रत्येक खटल्यात पहिल्यापासून आपली कथा सांगण्याची गरज उरली नाही. प्रमाणपत्र हाच प्रथमदर्शनी पुरावा ठरला आणि ते खोटे पाडण्याचे ओझे समोरच्यावर गेले. छोट्या धंद्याच्या दृष्टीने या कायद्याचा सर्वांत मोठा लाभ हाच होता. हक्क आधीही होता, पण तो सिद्ध करणे परवडत नव्हते.

जुन्या वहिवाटीलाही कायद्याने मान दिला. 25 फेब्रुवारी 1937 पूर्वीपासून अखंड वापरात असलेल्या छापांना वेगळेपण सिद्ध करण्याच्या बाबतीत सवलत होती आणि ती 1958 च्या कायद्यातही चालू राहिली. या एका तारखेमुळे जुन्या पेढ्यांच्या चोपड्या, छापखान्यांची बिले, रेल्वे पावत्या आणि पिवळी पडलेली लेबले यांना एकाएकी किंमत आली. ज्यांनी असे कागद जपले होते त्यांचे काम सोपे झाले. ज्यांचा धंदा निव्वळ तोंडी विश्वासावर चालला होता, त्यांना खरी वहिवाट असूनही हात चोळत बसावे लागले असणार. पुरावा ठेवणे हा स्वतंत्र कसबाचा भाग आहे आणि तो कारागिराला कोणी शिकवत नाही.

स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांनी 1955 साली या कायद्याच्या फेररचनेविषयी अहवाल दिला. त्यानंतर झालेला 1958 चा कायदा 25 नोव्हेंबर 1959 पासून लागू झाला. नोंदणीचे मुख्य कार्यालय मुंबईत होते. नोंदवहीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग होते. पूर्ण वेगळा छाप पहिल्या भागात जाई, तर वापराने वेगळेपण मिळवू शकेल असा छाप दुसऱ्यात. नोंद सात वर्षे टिके, मग नूतनीकरण करावे लागे. सुनावणी निघाली की नाशिकचा अर्जदार किंवा त्याचा वकील सकाळच्या गाडीने मुंबई गाठी आणि संध्याकाळच्या गाडीने परते. कट्ट्यावर, डबीवर, पुड्यावर ‘रजिस्टर्ड नंबर’ छापण्याची हौस याच काळातली. तो आकडा पाहून गिऱ्हाईकाचा विश्वास वाढे. नोंद नसताना नोंद असल्याचा दावा करणे मात्र तेव्हा गुन्हा होता.

दोन छाप एकमेकांसारखे आहेत की नाहीत हे कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली अमृतधारा प्रकरणात सोडवला. ‘अमृतधारा’ हे प्रसिद्ध औषध होते आणि ‘लक्ष्मणधारा’ या नावाच्या नोंदणीला त्याच्या मालकांनी हरकत घेतली होती. सामान्य बुद्धीचा, अपुऱ्या स्मरणशक्तीचा, खेड्यातला गिऱ्हाईक घोटाळ्यात पडेल का, ही कसोटी न्यायालयाने लावली आणि नावे फसवी वाटण्याइतकी जवळची आहेत असे म्हटले. पण लक्ष्मणधाराचा वापर जुना व प्रामाणिक होता आणि अमृतधारावाल्यांनी तो बराच काळ चालू दिला होता, म्हणून त्याची नोंद उत्तर प्रदेशापुरती मान्य झाली. हा निवाडा चित्रावरून माल घेणाऱ्या बिडीच्या गिऱ्हाईकाला नेमका लागू पडतो. नोंदवही मुंबईत असली तरी तिची मोजपट्टी खेड्यातल्या दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाची नजर होती.

छापाला हक्क मिळाला तशी जबाबदारीही चिकटली, आणि हा भाग व्यापारचिन्हांच्या इतिहासात फार थोडे लोक सांगतात. छापाची पत राखण्यासाठी कारखानदार वळून आलेल्या बिड्यांतून खराब म्हणून काही बाजूला काढी. त्याला छाट म्हणत. छाटीची मजुरी मिळत नसे. विदर्भातल्या किमान वेतनाच्या अधिसूचनेत सरकारने छाटीविषयीही नियम घातले. 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने ते नियम किमान वेतन कायद्याच्या कक्षेबाहेरचे ठरवले. त्यानंतर 1966 चा बिडी व सिगार कामगार कायदा आला आणि छाटीचे वाद त्यात आणले गेले. घरी बसून बिड्या वळणाऱ्या बाईचा मालक कोण, हाही प्रश्न होता. माल ठेकेदार देई, बिड्या ठेकेदार गोळा करी आणि छापाचा धनी दूर राही. मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला आणि ठेकेदाराच्या आड असलेल्या मुख्य मालकावर दायित्व टाकण्याची त्याची रचना मान्य केली. ज्याच्या छापाने माल विकला जातो त्याला ठेकेदाराकडे बोट दाखवून सुटता येऊ नये, हे न्याय्यच होते.

छापावर काय असू नये, याचाही निर्णय महाराष्ट्रातल्याच एका बिडीवरून झाला. पुण्याच्या साबळे वाघिरे आणि कंपनीच्या बिडीवर छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र होते. बोधचिन्हे व नावे यांचा गैरवापर रोखणाऱ्या 1950 च्या कायद्याच्या अनुसूचीत महाराजांचे नाव आल्यावर कंपनीला तो छाप सोडणे भाग होते. तिने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. 1975 साली न्यायालयाने कायदा उचलून धरला. पुढे ‘संभाजी’ या नावाने चाललेली हीच बिडी लोकांच्या विरोधानंतर 2021 साली ‘साबळे’ या नावाने विकली जाऊ लागली. नोंदवहीत नाव असणे आणि ते नाव आपले असणे यांत अंतर आहे. काही नावे समाजाचीच राहतात आणि राहावीत.

नाशिक रोडचे स्वतःचे उदाहरण वेगळ्याच प्रकारचे आहे. ‘बिटको’ हे नाव काळ्या दंतमंजनाच्या डबीवर आहे, गावातल्या सर्वांत गजबजलेल्या चौकाला आहे, महापालिकेच्या रुग्णालयाला आहे आणि महाविद्यालयालाही आहे. शहरात नवखा आलेला माणूस हे नाव आधी रिक्षावाल्याच्या तोंडून ऐकतो. कोशात अर्थ नसलेला, मालाचे वर्णन न करणारा शब्द व्यापारचिन्ह म्हणून सर्वांत बळकट मानला जातो. त्याच वेळी चौकातल्या दुकानदाराने पाटीवर पत्ता म्हणून ‘बिटको चौक’ लिहिले तर तो हक्कभंग होत नाही, कारण ठिकाण सांगण्यासाठी केलेला प्रामाणिक वापर कायद्याने मोकळा ठेवला आहे. नाशिकच्या चिवड्याच्या धंद्यात उलट चित्र दिसते. तिथे ‘कोंडाजी’सारखी माणसांची नावे चालतात. कायदा माणसाला स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरण्यापासून अडवत नाही, म्हणून आडनावावर किंवा आजोबांच्या नावावर उभा केलेला छाप कुटुंबाच्या शाखा वाढल्या की राखणे अवघड होते. धंदा एकत्र असतानाच नाव कोणाचे हे कागदावर आणणे, हा अशा घराण्यांसाठी सर्वांत स्वस्त उपाय असतो.

सध्याचा 1999 चा कायदा 15 सप्टेंबर 2003 रोजी लागू झाला आणि त्याने छोट्या धंद्याचे नोंदवहीशी असलेले नाते पुष्कळ बदलले. तोवर नोंद फक्त मालाची होत असे. मिसळीचे हॉटेल, लॉज, शिकवणी वर्ग, वाहतूक कंपनी यांना सेवा म्हणून नाव नोंदवता येत नव्हते. 2003 पासून ते शक्य झाले. नोंदवहीचे दोन भाग गेले आणि मुदत दहा वर्षांची झाली. छोट्या गावातल्या व्यापाऱ्यासाठी मात्र या कायद्याचे कलम 134 सर्वांत मोलाचे मानायला हवे. नोंदलेल्या छापाचा मालक आता जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो. नक्कल इंदूरला किंवा हैदराबादला झाली तरी नाशिक रोडच्या माणसाला नाशिकच्या न्यायालयात दाद मागता येते. पूर्वी नक्कल करणाऱ्याच्या गावी जाण्याच्या खर्चानेच निम्मे दावे मनातल्या मनात जिरत असतील.

याच सुमाराला मुद्रांकावरचा विश्वासही डळमळला. अब्दुल करीम तेलगीच्या बनावट मुद्रांकांचे प्रकरण उघडकीस आले आणि नाशिक रोडच्या छापखान्याचे नाव तपासात देशभर गाजले. त्यानंतर फ्रँकिंग आणि ई-मुद्रांक यांचा वापर वाढला. नोंदणीची कागदपत्रेही हळूहळू संगणकावर गेली.

2017 च्या नियमांनी चौऱ्याहत्तर नमुन्यांच्या जागी आठ नमुने आणले. 2002 च्या नियमांत एका वर्गाचे शुल्क 2,500 रुपये होते. 2017 पासून ऑनलाइन अर्जाला व्यक्ती, नवउद्योग आणि लघुउद्योग यांना 4,500 रुपये आणि इतरांना 9,000 रुपये पडतात. मालाचे आणि सेवांचे मिळून 45 वर्ग आहेत. बिडी 34 व्या वर्गात, वाईन 33 व्या वर्गात, ताजी द्राक्षे 31 व्या वर्गात आणि खाणावळ 43 व्या वर्गात येते. आधीपासून वापर असल्याचा दावा केला तर प्रतिज्ञापत्र आणि जुनी बिले जोडावी लागतात. परीक्षण अहवाल येतो, त्याला उत्तर द्यावे लागते, सुनावणी आता दृक्‌श्राव्य माध्यमातूनही होते. छाप पत्रिकेत प्रसिद्ध झाल्यावर चार महिने हरकतीसाठी असतात. कोणी हरकत घेतली नाही तर प्रमाणपत्र मिळते आणि हक्क अर्जाच्या तारखेपासून मोजला जातो. मुंबईचे कार्यालय आता अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे आणि गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांचे अर्जही तिथेच जातात. नोंद झाली तरी आधीच्या प्रामाणिक वापरकर्त्याला ती हुसकावू शकत नाही. 1908 च्या कायद्याखाली निवेदन नोंदवणाऱ्या व्यापाऱ्याची जुनी धारणा, की वापर आधी आणि कागद नंतर, कायद्याने शेवटपर्यंत टिकवली आहे.

बिडीच्या लेबलाची जागा मात्र आकसली. 2003 च्या तंबाखूविषयक कायद्याने जाहिरातीवर बंदी आली आणि एप्रिल 2016 पासून पाकिटाच्या दोन्ही दर्शनी बाजूंचा 85 टक्के भाग आरोग्याच्या इशाऱ्याला द्यावा लागतो. नाशिकची नवी नावे आता दुसऱ्या मालावर दिसतात. राजीव सामंत यांनी 1999 साली स्थापन केलेल्या वाईन उद्योगाचे ‘सुला’ हे नाव त्यांच्या आईच्या सुलभा या नावावरून आले.

‘नाशिक’ हे नाव स्वतः कोणा एकाला सहसा मिळत नाही, कारण गावाचे नाव मालाचे मूळ सांगते, मालक सांगत नाही. अशा नावांच्या रक्षणासाठी भौगोलिक निर्देशनांचा कायदाही 15 सप्टेंबर 2003 पासूनच लागू झाला. त्याची नोंदणी चेन्नईला होते. येवल्याच्या विणकरांशी जोडलेली पैठणी, नाशिकची द्राक्षे आणि नाशिक व्हॅली वाईन यांची नोंद 2010-11 च्या सुमारास झाली आणि लासलगावच्या कांद्याची त्यानंतर. हा हक्क त्या प्रदेशातल्या सगळ्या उत्पादकांचा असतो आणि कोणीही तो विकू शकत नाही. शेतकऱ्याला किंवा विणकराला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. 2020 साली त्याचे शुल्क 10 रुपयांवर आणले गेले. त्यामुळे एकाच द्राक्षाच्या पेटीवर दोन चिन्हे येऊ शकतात: बागायतदाराचा स्वतःचा मुंबईत नोंदलेला छाप आणि चेन्नईत नोंदलेले सामायिक नाव.